हातावर गोल रिंग उठलीये, खाज अजिबात नाही, गजकर्णाच्या क्रीमने काडीचा फरक नाही. काय असेल?

चष्मिष

नमस्कार मंडळी, स्किनचा कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. माझ्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, मधलं बोट जिथे पंजाला जोडलंय त्या सांध्याच्या जरा खाली, एक गोल उठलंय. आधी एकच बारीक पुटकुळी होती, काहीतरी चावलं असेल म्हणून मी लक्षच दिलं नाही, मग तिच्या शेजारी अजून दोनतीन आल्या आणि हळूहळू मधला भाग सपाट होत गेला आणि कडेने असं कडं तयार झालं. आता साधारण इंचभर रुंद आहे. कड उचललेली आहे, हात फिरवला की लागते, रंग गुलाबीसर-तपकिरी, मधलं कातडं जवळपास नॉर्मल, जरासं काळपट म्हणा हवं तर.

खाज नाही. दुखत नाही. पाणी येत नाही. आणि हे उठून कित्येक महिने झालेत, म्हणजे आज आलं उद्या गेलं अशातलं नाही.

केमिस्टने लांबूनच बघून "गजकर्ण" म्हणून अँटीफंगल क्रीम दिलं, ते नेमाने लावलं, ट्यूब संपली, रिंग जशीच्या तशी. उलट आता उजव्या पायाच्या घोट्यापाशी तसलंच अर्धगोल दिसायला लागलंय, त्यामुळे टेन्शन आलंय. सासूबाईंनी माझा टॉवेल वेगळा केलाय आणि लेकीला माझ्याजवळ झोपू देऊ नको म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे, गजकर्ण असेल तर पसरतं ना. पण गजकर्ण असेल तर खाज का नाही? आणि औषधाला दाद का देत नाहीये?

स्किनवाल्यांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळालीये. तोपर्यंत डोकं शांत ठेवायला काहीतरी सांगा.

टिवल्याबावल्या

गजकर्णच आहे हो, गोल आहे ना मग झालं. हल्ली साध्या क्रीमने जातच नाही ते. ते तीनचार औषधं एकत्र असलेलं क्रीम मिळतं ते लावा, मला दोन दिवसात फरक पडला होता.

मावशी_ऑनलाइन

टिवल्याबावल्या, नको रे बाबा असले सल्ले देऊस. त्या मिक्स क्रीममध्ये स्टिरॉइड असतं म्हणून दोन दिवसात लाली जाते आणि आपल्याला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी मजेत वाढत असते. माझ्या भाच्याचं तेच झालं, आधी मांडीत होतं ते पोटावर पाठीवर गेलं, आणि शेवटी डॉक्टरांनासुद्धा ओळखू येईना की मूळचं काय होतं.

चष्मिष ताई, माझ्या बहिणीला अगदी डिट्टो असंच झालं होतं, हाताच्या पाठीवर रिंग, खाज नाही काही नाही. तिला स्किनच्या डॉक्टरांनी ग्रॅन्युलोमा अॅन्युलेअर असं काहीतरी सांगितलं. नाव ऐकून आम्ही हादरलो होतो, म्हटलं आता हे काय नवीन. पण डॉक्टर म्हणाले निरुपद्रवी आहे, कोणाला लागत नाही, काही केलं नाही तरी चालेल. तिने खरंच काही केलं नाही आणि गेलं ते. वेळ लागला बराच, वर्षाच्या वर, पण डागही राहिला नाही. त्याच लायनीवर असेल असं मला वाटतं, पण मी काही डॉक्टर नाही.

कातडीचा_कारभारी

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. न बघता निदान करणार नाही, पण ताईंनी वर्णन इतकं नीट लिहिलंय की काय काय शक्यता आहेत ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट, गोल दिसलं म्हणजे गजकर्ण हे समीकरण डोक्यातून काढा. कातडीवर गोल उठवणारे आजार चिक्कार आहेत. गजकर्ण त्यातला सगळ्यात कॉमन, म्हणून सगळ्यांना तोच आठवतो.

गजकर्ण ही बुरशी. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरावर जगते, त्यामुळे तो थर सुटतो आणि कडेला पांढरट पापुद्रे दिसतात, कोंड्यासारखे. नखाने हलकेच खरवडलं तर भुसा निघतो. खाज बहुतेक वेळा असतेच, घाम आला की जास्त. ग्रॅन्युलोमा अॅन्युलेअरमध्ये सगळा कारभार खालच्या थरात चालतो, वरची कातडी शाबूत असते. म्हणून कड उचललेली पण वरून गुळगुळीत, पापुद्रा नाही, आणि खाज बहुतेकांना नसते, काहींना थोडी असते. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं.

ताई, एक करून बघा. चांगल्या उजेडात, किंवा मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका मारून, रिंगच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटांनी कातडी हलकेच ताणा. ग्रॅन्युलोमा अॅन्युलेअर असेल तर ती कड सलग दिसत नाही, टाचणीच्या डोक्याएवढे बारीक बारीक टणक उंचवटे शेजारीशेजारी बसलेले दिसतात, साधारण १ ते ३ मिलिमीटरचे. त्यांच्यामध्ये कधीकधी फटसुद्धा असते, म्हणूनच काही रिंगा अर्धवट, घोड्याच्या नालेसारख्या दिसतात. तुमचं घोट्यावरचं अर्धगोल त्यातलं असू शकतं. जागाही नेहमीच्या आहेत, हाताची पाठ, बोटं, पाऊल, घोटा, कोपर.

रंगाबद्दल एक सांगतो कारण नेटवरचे फोटो बघून लोक गोंधळतात. बहुतेक फोटो गोऱ्या कातडीवरचे असतात, तिथे लालगुलाबी दिसतं. सावळ्या कातडीवर तेच तपकिरी, जांभळट, कधी नुसतं कातडीच्याच रंगाचं दिसतं. त्यामुळे "माझं लाल नाहीये म्हणजे ते नाही" असं समजू नका.

आता अजून काय असू शकतं ते.

गोल इसब. नाण्याएवढा चट्टा, पण मधून रिकामा नसतो, सगळाच खडबडीत, प्रचंड खाज, कधी पाणी येतं, खपली धरते. ताईंना खाज नाही म्हणजे हे बहुतेक बाद. सोरायसिसची रिंग असेल तर पापुद्रे जाड आणि चंदेरी. पिटिरियासिस रोझिया असेल तर आधी एक मोठा चट्टा येतो आणि मग पंधरवड्याच्या आत पाठीपोटावर भराभर बारके चट्टे येतात, आणि ते सहसा दीडदोन महिन्यात आपोआप जातं. ताईंचं तर महिनोन्महिने एकाच जागी ठाण मांडून आहे. पित्ताच्या गांधी पण गोल उठतात, पण एक गांध २४ तासांच्या आत जागा सोडते, दुसरीकडे उठते, आणि खाज विचारूच नका.

आणि दोन गोष्टी ज्या चुकवून चालत नाहीत. एक कुष्ठरोग. त्याचाही चट्टा गोल, कड उचललेली, खाज नसलेला असू शकतो, पण त्यावर संवेदना कमी असते. डोळे मिटून कापसाच्या टोकाने चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या कातडीवर स्पर्श करून बघा, दोन्हीकडे सारखं जाणवायला हवं. बधिर वाटलं, चट्टा फिका असला, त्यावरचे केस गेलेले असले, तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता दाखवा. घाबरायचं कारण तरीही नाही, गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो, पण उशीर केला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. दुसरी लाइम, जी गोचीड चावल्यावर होते, जिथे तसल्या गोचिडी आहेत तिथेच. त्यात चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत लाल वर्तुळ उठतं आणि भराभर मोठं होतं, सहसा ५ सेंटिमीटरच्या वर, सोबत ताप, अंगदुखी. त्याला अँटिबायोटिक लागतं. महिनोन्महिने इंचभरावर थांबलेली रिंग त्यात बसत नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यापर्यंत काहीही लावू नका. अँटीफंगल पण बंद, कारण डॉक्टरांनी कड खरवडून बुरशीची टेस्ट केली तर क्रीम चालू असताना बुरशी असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. टॉवेल वेगळा ठेवलाय तो निदान होईपर्यंत राहू दे, त्याने काही बिघडत नाही. लेकीला मात्र जवळ घ्या हो. रिंगवर सैलसर कापड बांधा हवं तर.

टिवल्याबावल्या

ओके डॉक्टर, मागे घेतो. पण मला खरंच फरक पडला होता.

कातडीचा_कारभारी

पडला असणारच. स्टिरॉइड दाह दाबतं, त्यामुळे लाली आणि खाज दोन्ही जातात. बंद केलं की परत उठतं का, किती दिवसांनी उठतं आणि कुठवर पसरलेलं असतं, ते विचारा. आणि दाबून दाबून त्या रिंगचं रूपच बदलतं, कड जाते, पापुद्रा जातो, मग मलाही भिंग घेऊन बसावं लागतं. जांघेत काखेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन कायमच्या रेघा पडतात त्या वेगळ्याच.

पानगळ

अॅपल व्हिनेगर ट्राय केलंय का कोणी? एका ग्रुपवर वाचलं की कापसाने रोज रात्री लावून ठेवायचं आणि वरून पट्टी, महिन्याभरात रिंग गायब. व्हिटॅमिन ई पण सांगतात, कॅप्सूल फोडून लावायची. केमिकलपेक्षा बरं ना.

मावशी_ऑनलाइन

व्हिनेगर पण केमिकलच आहे गं. ॲसिड आहे ते. रात्रभर पट्टीखाली बांधून ठेवलं तर भाजणारच. शेजारच्या मुलीने चामखिळीवर केला होता हा प्रयोग, चामखीळ राहिली बाजूला आणि तिच्याभोवती काळा डाग पडला तो किती दिवस हलेना.

कातडीचा_कारभारी

मावशींना अनुमोदन. व्हिटॅमिन ई ने नुकसान सहसा होत नाही, काहींना त्याचीच अॅलर्जी येते तेवढं सोडलं तर. मोजक्या पेशंटांवरचे चांगले अनुभव छापून आलेत, पण ठाम म्हणावा असा पुरावा नाही.

यात एक मेख आहे जी सगळ्यांनी लक्षात घ्यावी. हा आजार आपणहून जाणारा आहे. एकाच जागी असलेल्या प्रकारात निम्म्याहून जास्त लोकांचं दोन वर्षांच्या आत काहीही न करता जातं. आता अशा आजारावर तुम्ही काहीही लावा, व्हिनेगर लावा, तेल लावा, नुसतं पाणी लावा, जायच्या वेळी जे लावत होतात त्याला श्रेय मिळणार आणि तो माणूस ग्रुपवर लिहिणार. ज्यांचं गेलं नाही ते लिहीत नाहीत. आम्ही डॉक्टर लोकही याच सापळ्यात अडकतो बरं का, म्हणून या आजाराच्या बऱ्याचशा औषधांच्या मागचा अभ्यास कच्चाच आहे.

गंमत म्हणजे नुसता तपासणीसाठी तुकडा काढला तर त्यानंतर अख्खी रिंग विरघळून गेल्याची उदाहरणं आहेत. का ते कोणाला माहीत नाही.

ओळखपाळख_नाही

मी सहसा लिहीत नाही इथे, वाचून जातो, पण हा विषय माझा आहे म्हणून लिहितोय. वय पन्नाशीच्या पुढे, पुरुष, आणि मला एकदोन नाही, दोन्ही दंडांवर, मानेवर, पाठीवर अशा कितीतरी रिंगा आल्या. काही एकमेकीत मिसळून नकाशासारखं झालं. डॉक्टरांनी बायॉप्सी करून सांगितलं सर्वांगावर पसरणारा प्रकार आहे म्हणून. वर सगळे आपोआप जातं म्हणतायत ते वाचून बरं वाटतं पण माझं काही गेलं नाही लवकर. शर्टाची बाही दुमडायची नाही, पोहायला जायचं नाही, बसमध्ये शेजारचा माणूस हात बघून सरकून बसतो, हे सगळं भोगलंय. दुखत नाही खुपत नाही हे खरं, पण निरुपद्रवी म्हणताना जरा तेही धरा.

मला शेवटी लाइट थेरपी दिली, नॅरोबँड यूव्हीबी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाऊन त्या उभ्या ट्यूबलाइटच्या कपाटात चष्मा लावून उभं राहायचं, सुरुवातीला काही सेकंद आणि मग वाढवत. फायदा झाला, बऱ्यापैकी फिक्या पडल्या, दंडावरच्या तर गेल्याच. मानेवरच्या एकदोन अजून आहेत. आणि हो, तपासण्यांमध्ये शुगर निघाली, जी मला माहीतच नव्हती. आता रिंगा शुगरमुळे का शुगर आपली आपली, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही.

कातडीचा_कारभारी

साहेब, लिहिलंत ते फार चांगलं केलंत, आणि तुमचा मुद्दा मान्य. निरुपद्रवी म्हणजे जिवाला आणि शेजारच्याला धोका नाही एवढंच. रोज अंगावर वागवणाऱ्याला ते सोपं असतं असा अर्थ नाही.

तुमचा प्रकार कमी लोकांना होतो. चारात तीन लोकांचं एकदोन जागीच राहतं. पसरणारा प्रकार चिवट असतो, कधी वर्षानुवर्षं टिकतो. त्यात लाइट थेरपी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (मूळची मलेरियाची गोळी), काही अँटिबायोटिक, अगदी अडलं तर मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा इंजेक्शनची नवीन औषधं, असं पायरीपायरीने जावं लागतं आणि प्रत्येकाचे आपापले साइड इफेक्ट आहेत, रक्ततपासण्या कराव्या लागतात.

शुगरचं म्हणाल तर डायबेटिस, कोलेस्टेरॉल आणि थायरॉईड या तिन्हीशी याचा संबंध दिसतो असं काही अभ्यास म्हणतात, काही नाही म्हणतात. पसरणाऱ्या प्रकारात जास्त दिसतो. म्हणून मी माझ्या पेशंटांच्या या तीन तपासण्या करून घेतो, नाहीतरी त्या वयात करायच्याच असतात. उतारवयात अचानक सर्वांगावर आलं, किंवा दिसायला नेहमीसारखं नसलं, तर अजून खोलात जाऊन बघतो.

मूळ कारण मात्र अजून सापडलेलं नाही. १८९५ मध्ये कोल्कॉट फॉक्स या इंग्लिश डॉक्टरने बोटांवरच्या या रिंगांचं पहिल्यांदा वर्णन केलं, १९०२ मध्ये रॅडक्लिफ-क्रॉकरने हे लांबलचक नाव दिलं, तेव्हापासून शोध चालूच आहे. शरीराची प्रतिकारशक्ती कशावर तरी भडकते आणि कातडीतल्या कोलॅजनच्या भोवती पेशी गोळा होऊन बसतात एवढं मायक्रोस्कोपखाली दिसतं. काहींना कीटक चावल्यावर, खरचटल्यावर, नागीण येऊन गेल्यावर त्याच जागी उठतं. स्वच्छतेशी, खाण्यापिण्याशी, रक्त खराब असण्याशी याचा काही संबंध नाही.

गप्पाटप्पा

माझ्या मुलाच्या नडगीवर गाठी आल्यात, वय चार. वरची कातडी एकदम नॉर्मल, रिंग वगैरे नाही, आत टणक लागतात. बालरोगतज्ज्ञ म्हणाले याचाच खोलवरचा प्रकार असावा. असं असतं का खरंच? रात्री झोप लागत नाहीये मला, गाठ म्हटलं की नको ते डोक्यात येतं.

कातडीचा_कारभारी

असतं. लहान मुलांमध्येच जास्त दिसतं, नडगी, पावलं, डोकं, ढुंगण या जागी, आणि मूल एरवी ठणठणीत असतं. बहुतेक गाठी आपोआप विरतात, काहींच्या परत येतात आणि परत विरतात. पण गाठ वरून बघून ठरवायची गोष्ट नाही, सोनोग्राफी किंवा गरज पडली तर तुकडा काढून खात्री करतात. झपाट्याने वाढतेय, दुखतेय, मूल लंगडतंय, ताप येतोय, वजन उतरतंय, यातलं काही असेल तर लगेच. नसेल तर ठरलेल्या तारखेला घेऊन जा आणि तोवर रोज चाचपू नका, दाबून दाबून मुलालाच वाटायला लागतं की काहीतरी दुखतंय.

गप्पाटप्पा

यातलं काहीच नाहीये, धावतोय पळतोय मस्त. धन्स डॉक्टर, खरंच.

चष्मिष

बापरे किती छान उत्तरं दिलीत सगळ्यांनी. जाऊन आले डॉक्टरांकडे, सविस्तर लिहिते म्हणजे पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

आधी तो टॉर्चचा प्रयोग केला होता घरी. कातडी ताणल्यावर खरंच सुटे सुटे दाणे दिसले, मी इतके महिने रोज हात बघतेय आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. सासूबाईंनाही दाखवलं. कापसाचंही केलं, दोन्हीकडे सारखं जाणवलं, तिथेच अर्धा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी आधी भिंगासारख्या उपकरणाने बघितलं, त्याला लाइट असतो, मग बोथट ब्लेडने कड खरवडून काचेवर घेतलं. खरवडायला फारसं काही निघेचना, त्या म्हणाल्या हेच बघा, बुरशी असती तर भरपूर पापुद्रे मिळाले असते. तरी जे निघालं त्यावर कसलासा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं, तिथल्या तिथे, बुरशी नाही. मग म्हणाल्या ग्रॅन्युलोमा अॅन्युलेअरच आहे, इतकं ठळक आहे की बायॉप्सीची गरज वाटत नाही, पण मला मनाची खात्री हवी असेल तर करू. मी नको म्हटलं. शुगर आणि थायरॉईड करून घेतलं, नॉर्मल.

उपचाराचं त्यांनी माझ्यावरच सोपवलंय. एक म्हणजे काहीच करायचं नाही. दुसरं, स्ट्राँग स्टिरॉइड क्रीम फक्त कडेवर, ठरावीक आठवडे. तिसरं, कडेमध्ये बारीक इंजेक्शनं. मी गोंधळलेय. मधेच वाटतं जाऊ दे, मधेच वाटतं हात सारखा लोकांसमोर असतो, एकदाचं काय ते करून टाकावं. तुम्ही काय कराल?

मावशी_ऑनलाइन

मी काहीच करणार नाही. पण मी आळशी आहे 😄

टॉवेल एकत्र झाला का?

चष्मिष

झाला झाला. आणि लेक परत माझ्या पांघरुणात.

ओळखपाळख_नाही

मला सुरुवातीला एका रिंगवर इंजेक्शनं दिली होती. दुखतं चांगलंच, हाताच्या पाठीवर कातडी पातळ असते तिथे तर जास्तच असेल. ती रिंग बसली हे खरं पण त्या जागी जरा खड्डा पडला आणि पांढरट झालं, ते भरून यायला बरेच महिने गेले. रिंगपेक्षा ते जास्त उठून दिसायचं. करू नका असं म्हणत नाही, विचारून घ्या आधी.

कातडीचा_कारभारी

वर लिहिलंय ते अगदी खरं आहे आणि हे पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे. कडेमध्ये ट्रायमसिनोलोन नावाच्या स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, हाताच्या पाठीसारख्या जागी पातळ करून, ज्यांना टोचायचंच आहे त्यांच्यात ते क्रीमपेक्षा लवकर काम करतं. पण खड्डा आणि फिका डाग हा धोका असतो आणि सावळ्या कातडीवर फिका डाग लांबून दिसतो. लिक्विड नायट्रोजनने गोठवण्याचंही तेच, फोड येतो आणि मागे पांढरं राहू शकतं. बहुतेक वेळा भरून येतं, सगळ्यांचं येत नाही.

ताई, निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा, पण विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या हातावर असतं तर मी थांबलो असतो. कारण हा आजार गेला की स्वतःहून सहसा खूण ठेवत नाही, खूण राहिली तर ती बहुतेक वेळा आमच्या उपचारांची असते. खूपच खटकत असेल तर क्रीमपासून सुरुवात करा, बोटाच्या टोकावर अगदी थोडं घेऊन फक्त उंचवट्यावर लावायचं, मधल्या चांगल्या कातडीवर नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला बंद म्हणजे बंद. फरक दिसतोय म्हणून स्वतःच्या मनाने पुढे ओढायचं नाही, आणि दिसत नाही म्हणूनही नाही. स्टिरॉइड नकोच असेल तर टॅक्रोलिमसचं मलम हा एक पर्याय आहे, त्याने कातडी पातळ होत नाही, पहिले काही दिवस चुरचुरतं, आणि गुण येईलच असं नाही.

काहीच न करायचं ठरवलंत तर महिन्यातून एकदा तोच उजेड, तोच कोन ठेवून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. रोज बघणाऱ्याला कमी होतंय का वाढतंय ते कळत नाही. जाताना आधी कड बसते, रंग मागाहून जातो, त्यामुळे हात फिरवून सपाट लागलं की समजा परतीच्या वाटेला लागलंय. गेल्यावर परत येऊ शकतं, दहात चार लोकांना येतं आणि बरेचदा त्याच जागी, पण दुसऱ्या वेळी सहसा लवकर जातं.

पानगळ

म्हणजे व्हिनेगर नकोच का? थोडंसं पाणी घालून?

कातडीचा_कारभारी

नकोच.

चष्मिष

ठरलं मग, थांबते. आजच पट्टी ठेवून फोटो काढला, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत २६ मिलिमीटर. एकच शेवटचं विचारते, पोहायला जाते मी, ते चालू ठेवलं तर चालेल का? आणि पूलवर कोणी हटकलं तर काय सांगू, चिठ्ठी घेऊन ठेवू का डॉक्टरांकडून?

कातडीचा_कारभारी

बिनधास्त पोहा. पाण्यातून, टॉवेलमधून, स्पर्शातून, कशातूनच हे कोणाला जात नाही. चिठ्ठी घेऊन ठेवा, दोन ओळींची असते, आम्ही रोज लिहून देतो. आणि घोट्यावरच्या रिंगला पापुद्रा सुटायला लागला किंवा खाज सुरू झाली तर ती वेगळी दाखवा, एकाच माणसाला दोन आजार होऊ शकतात.

ओळखपाळख_नाही

चिठ्ठीची आयडिया मला कोणी का दिली नाही इतकी वर्षं. उद्याच मागतो.